काळ्या कापडातनं निघालेलं तोंड

आख्ख्या तुळजापुरात माज्याएवढा लांब गेलेला माणूस दुसरा न्हाय, मी जहाजात बसून, दर्या वलांडून पार आफ्रिकेला गेलोय. म्हंजे तसं बघितलं तर मी सोलापूरच्या म्होरं कदी गेलो न्हाय, गेलं ते नुस्तं माजं तोंड, आन् ते तोंडबी माजं न्हाय आसं घरचे म्हणत्यात.

घरचे म्हंजे आई. तवा घरात दुसरं कोण न्हवतं. बहीण ढोकीला दिलेली, माजं लग्न जमत न्हवतं. पोरीकडची माणसं यायची, दुकान बघून खूश व्हायची, आईला बघून तर लईच खूश व्हायची. मंग मी बोलायला तोंड उघडलं की त्यांची यष्टी सुटायची वेळ व्हायची.

देवळाच्या पायऱ्यांकडं जी गल्ली उतरती, तिथं आमचं कवड्यांच्या माळांचं दुकान. देवीचे आराधी गळ्यात घालत्यात त्या माळा. कवडीची पाठ दगडावर घासायची, भोक पाडायचं, दोऱ्यात ववायची, बस. बाप हेच करायचा, बाप गेल्यावर मी करायला लागलो. शाळा माजी झाली न्हाय. बापानं घातलं व्हतं, पण तवा निजामाचं राज्य, शाळा उर्दूत. मास्तरानं मला चार दिवस बघितलं आन् बापाला बोलावून म्हणाला, हे पोरगं घरी कामाला येत आसंल तर घिऊन जावा. पुढं निजाम गेला, शाळा मराठीत झाली, पण तंवर मी मिशी राखली व्हती. म्हणून मी दोन भाषांत अडाणी राहिलो. गल्लीतले बाकीचे एकाच भाषेत अडाणी व्हते.

निजाम जाऊन बरीच सालं झाली, तवाची ही गोष्ट. हैद्राबादचं एक मराठी घर दर साली देवीला यायचं. त्या घरातला पोरगा चित्रं काढायच्या कॉलेजात शिकायचा. त्या साली त्यानं आपल्या वर्गातला एक दोस्त संगं आणला. दोस्त आफ्रिकेचा. देशाचं नाव त्यानं मला लई येळा सांगितलं, मी लई येळा म्हणून बघितलं, दर येळी तो हसायचा, म्हणून मी ते सोडून दिलं.

माणूस उंच. दुकानात वाकून आला तरी वर टांगलेल्या परडीला डोकं लागलं. आन् काळा. आमी काय गोरे न्हाय, पण आमी आपले ऊन लागून काळे, तो आतनंच काळा. गल्ली उभी राहून बघायला लागली. समोरच्या वट्यावर एक म्हातारा बसलेला असायचा. निजामाच्या फौजेत आफ्रिकेकडचे सिद्दी शिपाई असायचे ते त्यानं जवानीत बघितलेले. त्यो हळूच म्हणाला, "आरं, परत आले का काय हे?"

"तुमी गप बसा," म्या म्हणालो. "मी इचारतो. मला उर्दू येती."

आन् मी त्या पावण्याम्होरं हात जोडून उभा राहिलो आन् म्हणालो, "जनाब, क्या हुकूम है?"

पावण्यानं एक कवडी उचलली. मंग हैद्राबादी बोलीत म्हणाला, "हुकूम नै भाई. ये कौडी कित्ते कू दिये?"

गल्ली हसली ती अजून थांबली न्हाय.

त्यानं मूठभर कवड्या हातात घेतल्या, एकेक उलटी करून बघितली. म्हणाला, हमारे मुलुक में पहले ये पैसा था, बाजार में चलता था. म्या माज्या पाठीमागं बघितलं. कवड्यांचं भरलेलं पोतं व्हतं, त्याला मी रोज टेकून बसायचो. मला घाम फुटला. मी एवढा शिरीमंत आन् दुपारी भाकरीवर कांदा खातोय.

सांजच्याला आईला सांगितलं की आसा आसा काळा माणूस आलाय. आई म्हणाली, "देवी काळी, म्हस काळी, आपली जमीन काळी. तू कुठला गोरा लागून गेलास?" संपलं.

ते मराठी घर दर्शन करून हैद्राबादला गेलं. पावणा राहिला. त्याला परीक्षेसाठी तीन चित्रं करायची व्हती आन् ती त्याला हितंच करायची व्हती. त्या घराचे जे पुजारी, त्यांच्या माडीवर त्याला एक खोली दिली.

आता चित्रं म्हंजे आमच्या मतं देवीचं चित्र. पुजारी त्याला म्हणाले, "देवळाचं शिखर काढा, खाली दोन बायका काढा ववाळताना. लई खपंल." पावण्यानं मान हलवली आन् गल्लीत यिऊन खाली बसला. त्यानं पहिलं चित्र काढलं ते पायऱ्या उतरणाऱ्या बायकांचं, पण पाठीकडनं. डोक्यावर बोचकी, लुगड्याचे वले काष्टे, टाचा. तोंड एकीचंबी न्हाय. दुसरं काढलं ते यष्टीच्या टपावर सामानात झोपलेल्या माणसांचं. तिथंबी पाठी. गल्लीतली माणसं चित्राच्या मागं जाऊन बघायला लागली, तोंडं पलीकडनं काढलीत का म्हणून. मी सुद्धा गेलो. खोटं कशाला सांगू.

म्या त्याला इचारलं, "पाठीच का?"

त्यो जे बोलला त्यातलं मला निम्मं कळलं, निम्मं म्या माज्या पदरचं घातलं. त्याची आई मासळी इकायची. पहाटं डोक्यावर पाटी घिऊन म्होरं चालायची, हा मागनं. आईचं तोंड त्याला नीट आठवत न्हाय, पण पाठ आठवती, त्या पाठीवरचा घाम कुठनं कुठं वघळायचा ते आठवतं. बाप नावा तासायचा. नाव झाली की तिच्या नाकाडाला दोन डोळे रंगवायचे, ते काम ह्याचं. पुढं तो लाऱ्यांवर फुलं-बिलं रंगवायला लागला. मंग पाद्र्याच्या शाळेत कोणीतरी बघितलं. मंग त्यांच्याकडचा गोरा साहेब निघून गेला, त्यांचं सोताचं सरकार आलं, त्या सरकारनं ह्याला जहाजात घातलं आन् मुंबईला उतरवलं. जहाजात त्यो सारखा वकत व्हता. "मंग हैद्राबादला काय खाल्लं?" आसं म्या इचारलं. "मिरची," तो म्हणाला.

दोन चित्रं झाली आन् त्याचं काम अडलं. कॉलेजातल्या मास्तरानं त्याला निघताना बजावलं व्हतं, तू नुस्त्या पाठी काढतोस, परीक्षेला एक तरी तोंड आण. तोंड न्हाय आणलं तर पास करणार न्हाय. पास न्हाय झाला तर त्याचं सरकार त्याला परत बोलावणार, आन् आईच्या म्होरं हा रिकाम्या हातानं उभा राहणार. ते सांगताना त्यानं दोन्ही हात माज्याम्होरं उलटे करून दाखवले. तेवढं मला पुरं कळलं.

पण तोंड द्यायला कोण तयार न्हाय. आमच्याकडं तसबीर म्हंजे माणूस मेल्यावर हार घालायची वस्तू. जित्या माणसाची काढली की आयुष्य कमी व्हतं. पुजारी न्हाय म्हणाले, म्हातारा वट्यावरनं उठून आत गेला, बायकांना तर इचारायचं काम न्हाय. गल्लीत रिकामं तोंड एकच व्हतं.

"माजं घ्या," म्या म्हणालो. "ह्याचा कुणाला काय उपेग न्हाय."

मंग रंग. मला वाटलं डब्या-बिब्या असतील. असायच्या त्याच्याकडं, पण ह्या तोंडाला त्याला हितली माती पायजे व्हती. मला संगं घिऊन त्यो घाटात गेला, लाल मुरूम घेतला. खाली रानात जाऊन काळी माती घेतली. ज्याचं रान, त्यो शेतकरी वखर सोडून पळत आला. उंच माणूस वाकून माती चिमटीत धरून बघतोय, फडक्यात बांधतोय. शेतकऱ्यानं मला बाजूला घेतलं. "मोजणीला आलेत व्हय? जमीन जाती का आमची?"

"न्हाय, न्हाय," म्या म्हणालो. "त्या मातीचं माजं तोंड करायचंय."

शेतकऱ्यानं माज्याकडं बघितलं. म्हणाला, "माती वाया जाईल."

माती त्यानं मडक्यात भिजवली, धोतराच्या फडक्यातनं गाळली, वरचा गाळ वाळवून पाट्यावर वाटला. बाभळीचा डिंक भिजवून त्यात घातला. लाकडाच्या चौकटीला मांजरपाट ताणला, त्याला खळ दिली. हे सगळं म्या मन लावून बघितलं. मंग त्यानं दिव्याच्या काजळीचा रंग केला आन् आख्खं कापड काळं करून टाकलं. पाक काळं. एक कोपरा सोडला न्हाय.

 एवढं केलं आन् सुरू व्हायच्या आदीच इस्कोट. "बिघडलं व्हय?" म्या इचारलं.

"नक्को बोलो," तो म्हणाला. "अब्बी अंधेरा है. उजाला बाद में निकालता मैं."

आन् खरंच तसंच करायला लागला. माणूस रंग लावतो, हा काढत व्हता. वल्लं फडकं घेतलं, काळं पुसलं, तिथं नाकाचा दांडा दिसला. बांबूच्या काडीनं खरवडलं, कान आला. मंग त्या उघड्या जागेत लाल मुरूम, काळी माती, अंगठ्यानं. आदी काळोख करायचा आन् मंग त्यातनं माणूस वर वढायचा, हिरीतनं कळशी वढावी तसा.  मला वाटलं आत कोणीतरी हायच आन् हा त्याला शोधतोय.

फकस्त मी बसत न्हवतो. बसलो की मला बोलावं वाटायचं. गप बसलो की पाय हालायचा. पाय धरला की शिंक यायची. त्यो म्हणायचा, "हिलो नक्को," मी म्हणायचो, "हालत न्हाय," आन् न्हाय म्हणताना मान हालवायचो. दोन तोंडं त्यानं काढली आन् पुसली. तिसऱ्या दिवशी त्यानं काडी खाली ठेवली, कपाळाला हात लावला आन् म्हणाला, जाव भाई, दुकान में बैठो, अपना काम करो. मला वाटलं सुटलो. मी जाऊन कवड्या ववायला बसलो. त्यो समोर गल्लीत त्याचं कापड घिऊन बसला. गिऱ्हाईक यायचं, जायचं. त्याचं काय चाललंय ते म्या बघितलंबी न्हाय.

सांजच्याला त्यानं बोलावलं. "देखो."

काळ्या कापडात एक माणूस खाली बघत बसला व्हता. कवड्या न्हाईत, दुकान न्हाय, माळ न्हाय. नुस्तं कपाळ, नाक, एक कान आन् खाली वळलेले डोळे. काय तरी करत आसावा, पण काय ते दिसत न्हवतं. लई जुना माणूस वाटला. भला वाटला.

"हा कोण?" म्या इचारलं.

"तुम."

मी पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात गेलो, आरसा मागितला, त्यात बघितलं. परत यिऊन चित्र बघितलं. परत आरसा. मंग न्हावी आरसा घ्यायला आला. माजं डोकंच चालंना. आरशातला माणूस मला वळखत व्हता. चित्रातला मला वळखत न्हवता.

आता चित्र वाळायला पायजे. पुजाऱ्यांच्या माडीवर त्या दिवशी लातुराकडचे यात्रेकरू उतरले, दोऱ्या बांधून वली धोतरं टांगली. पावणा म्हणाला, चित्र तुज्या घरी ठेव. आमच्या घरात खुंटी एकच, देवघराशेजारी. तिथं टांगलं.

देवघराचं सांगायला पायजे. आमच्याकडं घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचा चांदीचा टाक करत्यात, बोटाएवढा पत्रा, त्यावर माणूस ठोकलेला, आन् तो देवात बसवत्यात. माजा बाप गेला तो तापानं, मला मिसरूड फुटत व्हतं तवा. टाक झाला न्हाय. त्याच्या जागी आईनं एक सुपारी ठेवली व्हती. रोज त्या सुपारीला निवद. फोटो तर न्हवताच. आन् मी सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका, मला बापाचं तोंड आठवत न्हवतं. हात आठवायचा, खोकला आठवायचा. तोंड म्हणलं की सुपारी दिसायची.

आई तवा ढोकीला व्हती, बहिणीचं बाळंतपण करायला. ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या यष्टीनं आली. मी आत भाकरी खात बसलो व्हतो. आई उंबऱ्यात यिऊन थांबली, गठुडं खाली ठेवलं, डोक्यावरनं पदर सारखा केला आन् म्हणाली, "कवा आलात?"

मी घास तसाच धरला. जल्मात पहिल्यांदा मला आईनं आहो-जाहो केलं. मला वाटलं ढोकीला काय तरी वंगाळ झालं. "मी... मी हितंच व्हतो की," म्या म्हणालो.

"तू खा," आई म्हणाली. "तुला न्हाय इचारलं."

ती चित्राम्होरं जाऊन बसली. लई येळ बसली. मंग उठून हातपाय धुतले, ताटलीत भाकरी आन् पिठलं घेतलं, आदी त्या चित्राला दाखवलं. हळद वली केली आन् चित्राच्या कपाळाला बोट लावलं. रंग डिंकाचा, बोट वलं. पिवळा ठिपका आत बसला.

"आई," म्या म्हणालो, "ते माजं चित्र हाय."

"तुजं कुठनं?" आई म्हणाली. "हे तुजे वडील हायेत."

म्या सगळं सांगितलं, मुरूम, काजळी, डिंक, मी बसलो व्हतो, मी हालत व्हतो. आई ऐकत व्हती आन् सुपारी उचलून पदराच्या गाठीत बांधत व्हती. आता तिथं जागेवर माणूस आला, सुपारीचं काय काम.

आन् पावण्याची हैद्राबादला जायची यष्टी दुसऱ्या दिवशी सकाळची.

तो सांजच्याला चित्र न्यायला आला. दारातनं त्याला ते दिसलं, हळद लावलेलं, वर झेंडूचं फूल अडकवलेलं. त्यानं जवळ जाऊन अंगठा वला केला, ठिपका पुसून बघितला. तो वर यायच्या ऐवजी आणखी आत गेला. मला वाटलं आता हा वरडंल. वरडला न्हाय. उंबऱ्यावर बसला, गुडघे कानापतुर आलेले, आन् हात उलटे करून गुडघ्यावर ठेवले. मला ते हात बघवेनात.

"आई," म्या म्हणालो, "त्याची परीक्षा हाय. हे चित्र न्हाय नेलं तर तो नापास व्हणार."

"मंग त्याला म्हणावं तुजं दुसरं काढ."

"उद्या सकाळी यष्टी हाय. वाळायला दिवस लागत्यात."

"घरी आलेल्या माणसाला मी बाहीर घालवू व्हय? एवढ्या सालांनी आलेत."

तवा मला वाटलं मी लई हुशार हाय. म्या ठरवलं, हे तोंड माजंच हाय हे चार माणसांत ठरलं की आईचा त्याच्यावर हक्क राहणार न्हाय. माजं तोंड, मी देईन न्हायतर ठेवीन. मी पळत जाऊन न्हाव्याला घिऊन आलो. त्यानं बापाची दाढी केलेली, माजीबी तोच करायचा. दोघांची तोंडं हातानं चाचपलेला माणूस गावात तो एकच. मी त्याच बाजूनं तोंड करून, मान खाली घालून चित्राच्या शेजारी उभा राहिलो. "सांगा काका. ह्यो कोण?"

न्हाव्यानं चष्मा काढला. चित्र बघितलं. माजी हनवटी धरून मला इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं.

"नाक तुजं हाय," तो म्हणाला.

"बघा," म्या आईला म्हणालो.

"कानबी तुजाच."

"बघा."

"पर हा माणूस गप बसलाय." न्हाव्यानं चष्मा परत लावला. "तुजी दाढी करताना माजा वस्तरा दर येळी देवाचं नाव घेतो. तुज्या बापाची दाढी म्हंजे, म्या अर्धी करून च्या पिऊन यायचो, हा तसाच बसलेला. वयनी, हे मालकच हायेत." आन् त्यानं चित्राला हात जोडले.

मी पावण्याकडं वळलो. म्हणालो, तू सांग. तू बघून काढलंस, मी म्होरं बसलेला व्हतो का न्हाय?

त्यानं चित्राकडं बघितलं. मंग हळूहळू म्हणाला, बैठे थे. लेकिन बात करते सो आदमी का चेहरा मेरेकु मिला नै. तुम कौडी पिरोने बैठे, चुप हो गये, तब एक आदमी आया. उसकू मैं बनाया. वो कौन है, मेरेकु मालूम नै.

मला वाटलं तो माज्या बाजूनं बोलंल. आता माजं मलाच कळंना. मी कवड्या ववताना गप बसतो हे मला कोणी सांगितलंच न्हवतं. आन् तवा माज्या जागेवर कोण यिऊन बसतं, आन् मी तवा कुठं जातो?

आईनं इचारलं, "काय म्हणला तो?"

म्या सांगितलं, "म्हणला, मला म्हाईत न्हाय."

आई त्याच्या म्होरं जाऊन खाली बसली. ती मराठीत बोलायची, तो हैद्राबादीत. मधी मी व्हतो, पण मला कोण इचारत न्हवतं.

"बाबा, परीक्षा न्हाय झाली तर काय व्हईल?"

"घर जाना पडता, अम्मा. खाली हात."

"आई हाय का?"

"है."

"वाट बघत आसंल."

त्यानं मान हलवली. आई उठली. फूल काढून देवाम्होरं ठेवलं. चित्राकडं बघून म्हणाली, "जाऊन या. जल्मभर ह्याच पायऱ्या वर-खाली केल्यात. हैद्राबाद तरी बघून या." मंग माज्याकडं वळून, "खुंटीवरनं काढ नीट. हालवू नको. तुला सवय हाय."

तिनं पावण्याला एकच सांगितलं, नवरात्राला ह्यांना परत घिऊन ये. तो म्हणाला, "लाता, अम्मा." त्याचं तोंड बघितलं तवा मला त्यात खोटं दिसलं न्हाय, आजबी दिसत न्हाय. पिवळ्या ठिपक्याचं म्या इचारलं, मास्तर काय म्हणंल? तो म्हणाला, रहने दो, अम्मा का हाथ है.

सकाळी आईनं शिदोरी बांधली. चार भाकरी, शेंगाची चटणी. म्या म्हणालो, एकट्या माणसाला चार भाकरी? "दोघं हायेत," आई म्हणाली.

तो गेला. देवघरात सुपारी परत आपल्या जागी बसली. आता मी दुकानात बसलो की मधीच मला वाटायचं, मी गप हाय का? आन् आसं वाटलं की मी बोलायला लागायचो. न्हावी म्हणाला तुला येड लागणार.

नवरात्र आलं. आई दर सकाळी यष्टी थांबती तिथपतुर जायची, हैद्राबादकडची माणसं उतरताना बघायची. तो आला न्हाय. मी रागावलो. म्हणालो, फसवलं. आई निवद दाखवताना ताटली सुपारीम्होरं ठेवायची, पण बघायची खुंटीकडं.

पुढच्या साली हैद्राबादचं ते मराठी घर आलं, त्यातला तो चित्रांच्या कॉलेजातला पोरगा आला. मी कवड्या टाकून उठलो. आई भाकऱ्या टाकत व्हती, तशीच पिठाच्या हातानं दुकानात आली.

"पास झाला," पोरगा म्हणाला. "तोंडाच्या चित्रावरच पास झाला. मास्तरांनी तो पिवळा ठिपका कशाचा म्हणून इचारलं, त्यानं सांगितलं न्हाय."

"मंग परत का आला न्हाय?" म्या इचारलं.

पोरानं सांगितलं ते आसं. परीक्षा झाली तशी त्याच्या सरकारकडनं तार आली, लगोलग निघा, तिकडं नवी शाळा काढायची व्हती. तो तुळजापूरला यायला निघाला व्हता, पण जहाज सुटायचं व्हतं. चित्र त्यानं संगं नेलं, तिकडनं त्याचं पत्र आलंय. घरी गेल्यावर त्यानं ते आपल्या आईच्या भिंतीवर लावलंय. आई आल्या-गेल्याला दाखवती.

"आन् हा कोण म्हणून इचारलं तर काय सांगतो?" म्या म्हणालो. एवढ्या लांब, दर्याच्या पलीकडं तरी कुणीतरी माजं नाव घेत आसंल.

"सांगतो की, माज्या दोस्ताचे वडील."

"त्यानं सोता सांगितलं? त्यानं सोता मला म्होरं बसवून काढलं."

पोरगा वशाळला. आईकडं बघायला लागला. माफी मागायला लागला, म्हणाला, काकू, तुमची वस्तू तिकडं गेली.

आई हातावरचं पीठ झाडत व्हती. तिनं इचारलं, "जहाजात बसून गेले म्हण की."

"व्हय."

"त्या बाईच्या घरात ठेवलंय ना नीट? वलीची भिंत न्हाय ना?"

"न्हाय काकू. नीट ठेवलंय."

 म्या परत सुरू केलं, की बघ आई, त्या कॉलेजात इचारलं पायजे, त्या मास्तराला सांगितलं पायजे की नाक माजं, कान माजा, न्हाव्यानं सोता सांगितलंय, आन् दोस्ताचे वडील म्हंजे काय. दारात दोन गिऱ्हाइकं माळ मागत उभी व्हती, ती कवाची ऐकत व्हती.

आई माज्याकडं वळली.

"बाप जहाजात बसून गेला," ती म्हणाली. "तू निदान दुकानात तरी बस."